मंडळीतल्या पापापुढं श्रद्धा कशी टिकवायची? खानापूरकडच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातली तरुण मुलगी मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, मुलांचं संडे स्कूल घेते. तिच्या वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलीशी मंडळीतल्या एका जबाबदार माणसानं गैरवर्तन केलं, असं त्या पोरीनं स्वतः तिला सांगितलं. चर्चच्या बांधकामासाठी जमवलेल्या पैशांचा हिशेबही मंडळीपुढं आलेला नाही. वडीलधारे म्हणतात, "घरातलं चव्हाट्यावर नेऊ नका, बाहेरचे टपून बसलेत." वर, ती पोर कन्नड बोलणाऱ्या घरातली असल्यामुळं "हा त्या लोकांचा डाव आहे" अशी कुजबुजही चालू आहे. ती विचारते, "मावशी, रविवारी गाणं तोंडातून निघत नाही. श्रद्धा टिकवू कशी? आणि अशा मंडळीत ती टिकवून उपयोग काय?"

बाळ, तुझ्या श्रद्धेचं बोलण्याआधी त्या पोरीचं बोलू. हा क्रम मी मुद्दाम धरते आहे. ती अजून त्याच गावात आहे, तो माणूसही तिथंच आहे, आणि आपण दोघी इथं आशा-विश्वासाच्या गोष्टी करत बसलो तर तिला त्याचा काय उपयोग?

अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम १९ तसं सांगतं. ज्याला कळलं त्यानं कळवायचं. पाळकांची परवानगी, पंचांचा ठराव, वडीलधाऱ्यांची बैठक यांतलं काहीही त्याआधी लागत नाही. कळलेलं दडवून ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर त्याला जास्त शिक्षा आहे. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही. तिला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेव. तू चांगल्या हेतूनं कळवलंस तर कायदा तुला संरक्षण देतो. पोरीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आईवडिलांसमोर किंवा तिचा विश्वास असलेल्या माणसासमोर घ्यायचा असतो. तिचं नाव कुठंही उघड करायला बंदी आहे. पोलीस ठाण्यात जायला धीर होत नसेल तर आधी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन कर. आजच कर. हे वाचून संपायच्या आधी केलास तरी चालेल.

मी डिकनेस, म्हणजे मंडळीची सेविका, म्हणून बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागांतल्या मंडळ्यांत बरीच वर्षं सेवा केली. त्या अनुभवावरून सांगते: अशा प्रसंगात ज्यांनी दुखावलेल्याची बाजू धरली, त्यांची श्रद्धा पोळली, पण जगली. ज्यांनी "मंडळीचं नाव" जपण्यासाठी तोंड बंद ठेवलं, ते पुढं कित्येक वर्षं पहिल्या बाकावर बसत राहिले, पण आतून केव्हाच विझले होते. तू श्रद्धा टिकवायची कशी असं विचारतेस. माझ्या मते ती टिकवण्याची पहिली पायरी तो फोन आहे.

वडीलधाऱ्यांची भीती मात्र खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात. त्या काळात घरगुती प्रार्थनासभेला जाताना बायबल पिशवीत तळाशी घालणारी माणसं आपण पाहिली आहेत. अल्पसंख्य समाजाला आपली उणी बाजू झाकावीशी वाटते, यात नवल नाही. पण बाहेरच्यांनी आपल्यावर केलेले आरोप खोटे आहेत असं आपण कोणत्या तोंडानं सांगायचं, आतला खरा आरोप आपणच दाबत असलो तर?

आता बायबलातलं १ शमुवेल हे पुस्तक काढ. दुसऱ्या अध्यायापासून सातव्यापर्यंत सलग वाच, तुकड्यातुकड्यानं नको. एली याजक, त्याचे दोन मुलगे हफनी आणि फिनहास, आणि शिलो इथलं परमेश्वराचं मंदिर. ते दोघं काय करत होते बघ. लोकांनी आणलेल्या अर्पणातलं मांस देवापुढं जाण्याआधीच उचलत होते, नाही म्हटलं तर जबरदस्तीनं घेऊ अशी धमकी देत होते. आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी कुकर्म करत होते. पैसा आणि स्त्री, दोन्ही एकाच अध्यायात, एकाच घराच्या माथी. तुझ्या पत्रात जे आहे तेच. म्हणजे हे तुझ्या गावात पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि पवित्र शास्त्रानं ते झाकलेलंही नाही. दुसरं कोणी असतं तर आपल्या याजकांची ही गोष्ट गाळली असती. आपल्या शास्त्रात ती नावानिशी आहे.

एली वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकलं, त्याला वाईट वाटलं, त्यानं पोरांना दोन शब्द सुनावलेही. पण त्यानं त्यांना आवरलं नाही, आणि देवाचा ठपका नेमका त्यावर आहे: तू माझ्यापेक्षा तुझ्या मुलांचा मान जास्त राखलास. तुझ्या मंडळीतले बरेच वडीलधारे मला एलीसारखे वाटतात. त्यांना दुष्ट समजू नकोस, पण त्यांच्या हळहळण्याला न्यायही समजू नकोस.

पुढं शत्रू चालून आला तेव्हा त्याच लोकांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, रणांगणावर नेला, की हा आपल्याला वाचवील. आत कुजलेलं तसंच ठेवून बाहेर पवित्र वस्तू उंच धरायची. त्या दिवशी तीस हजार पायदळ पडलं, हफनी आणि फिनहास मेले, आणि कोशही पलिष्ट्यांच्या हाती गेला. "मंडळीचं नाव जाईल" म्हणणाऱ्यांना मी नेहमी इथं थांबवते. देवानं आपला कोश शत्रूच्या हाती जाऊ दिला, पण त्या याजकांना पाठीशी घातलं नाही. स्वतःच्या नावाची त्यानं काळजी कशी घेतली तेही पाचव्या अध्यायात आहे: पलिष्ट्यांच्या दागोन देवाच्या देवळात सकाळी मूर्ती पालथी पडलेली, आणि हात लावायला कोणी माणूस नव्हता. परमेश्वराचं नाव राखायला आपली लपवाछपवी लागत नाही. त्याला ती कधीच लागली नाही.

या सगळ्यात हन्ना आहे, जिनं आपलं लेकरू शमुवेल एलीच्या हाताखाली सेवेला दिलं होतं. तिच्या देवावर तिचा विश्वास होता, आणि जिथं हे सगळं चालू होतं त्याच शिलोला ती दर वर्षी जात होती, लेकरासाठी लहानसा झगा शिवून नेत होती. (यावरून कोणी असं सांगू लागलं की मुलांना धोक्याच्या जागी तसंच ठेवा आणि प्रार्थना करा, तर अजिबात ऐकू नकोस. ते हन्नाच्या गोष्टीतून निघत नाही.) निघतं ते असं, की एलीच्या घराचं पाप हन्नाच्या प्रार्थनेला खोटं ठरवू शकलं नाही. आणि देव बोलला तो कोणाशी? त्या मंदिरात झोपलेल्या पोराशी. शमुवेलाला सांगायची भीती वाटत होती. सकाळ झाल्यावर त्यानं दारं उघडली आणि गप्प राहिला. एलीनं आग्रह केला तेव्हा मात्र त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. लहान माणसानं मोठ्याला खरं सांगणं हे शास्त्रात बंड नाही. देवाच्या सेवेची सुरुवातच तिथून झाली.

तुझं दुसरं दुःख: गाणं तोंडातून निघत नाही. नको निघू दे. आपल्याकडं उपासनेत आनंदाची गाणी जास्त आणि विलाप फार कमी, त्यामुळं ज्याचं काळीज फाटलं आहे त्याला वाटतं की आपली श्रद्धा गेली. स्तोत्रसंहिता उघड. तेराव्या स्तोत्रात दावीद चार वेळा "कोठवर?" विचारतो. त्र्याहत्तराव्यात आसाफ कबूल करतो की दुष्टांचं बरं चाललेलं बघून माझे पाय निसटायला आले होते, मी माझं मन उगाच शुद्ध ठेवलं असं वाटलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडं वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, ते काळोखातच संपतं. तरी ते गीतसंग्रहात आहे, इस्राएलाच्या उपासनेत होतं. ज्या दिवशी तुझ्याकडं स्तुती नाही त्या दिवशी ८८ म्हण. मोठ्यानं म्हण, घरी दार लावून. देवाला ओरडून विचारणारा माणूस त्याला सोडून गेलेला नसतो; ज्याच्याशी नातं संपलं त्याच्याकडं कोणी तक्रार करत नाही. आठवडाभर सकाळी एक विलापस्तोत्र आणि त्या पोरीचं नाव, एवढीच प्रार्थना पुरे. लांबलचक शब्द जुळवायचा प्रयत्न करू नकोस.

आता ती कन्नड-मराठीची कुजबुज. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हे आपल्या सीमाभागाचं खास पाप आहे आणि आपण त्याला पाप म्हणतच नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या जमिनीवर भाषेची जखम आहे, सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आला तरी ती भरली नाही. मराठी माणूस म्हणून मला माझी भाषा प्यारी आहे, शाळेतली मराठी, पाट्यांवरची मराठी यांसाठी आपले लोक झगडले त्याचा मला अभिमान आहे. पण ती जखम चर्चच्या आत येते तेव्हा काय होतं? एकाच इमारतीत आधी मराठी उपासना आणि नंतर कन्नड, आणि मधल्या पंधरा मिनिटांवरून भांडण. हार्मोनियम कोणाची, कपाटाची किल्ली कोणाकडं. इतपत असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण एका लेकराचं रडणं कोणत्या भाषेत आहे यावरून ते खरं की खोटं ठरवलं जात असेल, तर तो ख्रिस्ताच्या शरीरावरचा घाव आहे.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेत पहिली मंडळी, पवित्र आत्मा नुकताच उतरलेला, आणि तरी भाषेवरून कुरबुर सुरू: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय. प्रेषितांनी "हा त्यांचा डाव आहे" म्हटलं नाही. तक्रार करणाऱ्यांना "ऐक्य मोडू नका" असा उपदेश केला नाही. तक्रार खरी धरली, सगळी मंडळी बोलावली आणि सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाच: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांना डावललं गेलं होतं, त्यांच्याच बाजूच्या नावांच्या माणसांकडं वाटणीचं काम गेलं. तुझ्या मंडळीत हे कसं दिसेल? त्या पोरीच्या घरी जाताना कन्नड बोलणारी, त्या घराच्या विश्वासातली बाई बरोबर ने. तिच्या आईला मराठीत लिहिलेल्या कागदावर सही करायला लावू नकोस. आणि कुजबुज पुन्हा कानावर आली की तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर म्हण: "ती कुठली भाषा बोलते यानं काय झालं ते बदलत नाही."

कोणीतरी तुला क्षमेचं वचनही वाचून दाखवेल, सत्तर वेळा सात. ते मत्तय १८ मध्ये आहे. तोच अध्याय वरून वाचायला सांग. सहाव्या वचनात लहानातल्या एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी आहे. बाराव्यात एका हरवलेल्या मेंढरासाठी नव्याण्णव मागं ठेवणारा माणूस आहे. सतराव्यात मंडळीला सांगण्याची आज्ञा आहे. हे सगळं होऊन मग बाविसावं वचन येतं. "एकांतात त्याचा अपराध त्याला दाखव" हे भावाभावांमधलं आहे. तेरा वर्षांच्या पोरीला त्या माणसासमोर एकटी उभी करण्यासाठी ते वापरणं हे दुसऱ्यांदा केलेलं अत्याचाराचं कृत्य आहे. क्षमा ती पोर कधी करेल, करेल की नाही, हे तिचं आणि प्रभूचं. मंडळीनं तिच्या वतीनं क्षमा जाहीर करू नये. आणि क्षमा झाली तरी तो माणूस पुन्हा मुलांच्या जवळपास, कुठल्याही जबाबदारीवर येत नाही. पश्चात्ताप खरा असेल तर त्याला स्वतःलाही ती जागा नको असेल.

कॅथलिक भावंडांसाठी एक ओळ: पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये जारी केलेल्या नियमांनुसार प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारी घेण्याची व्यवस्था असली पाहिजे, आणि धर्मगुरूंना व व्रतस्थांना त्या कळवणं बंधनकारक आहे. ती पोलिसांकडच्या तक्रारीच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे.

पैशाचं थोडक्यात. ते प्रकरण वेगळं ठेव, दोन्ही एकत्र केलीस तर पैशाच्या वादात पोरीचं बुडून जाईल. प्रेषित पौलानं यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा एकट्यानं हाताळली नाही. प्रभूपुढंच नव्हे तर माणसांपुढंही जे चांगलं ते करायचं आहे, असं तो २ करिंथ ८ मध्ये लिहितो. तेव्हा हिशेब मागणं ही अविश्वासाची गोष्ट नाही. चार-पाच सभासदांनी सही करून लेखी मागा: पावत्या, बँकेचं पासबुक, ठेकेदाराची बिलं. महिनाभरात आलं नाही तर त्याच अर्जाची प्रत वरिष्ठांकडं, म्हणजे तुमच्या संप्रदायाप्रमाणं जिल्हा अधीक्षक, बिशप किंवा ट्रस्टी यांच्याकडं पाठवा. सुगीच्या उपकारस्तुतीला भाताचं पोतं डोक्यावरून आणणाऱ्या आजीला तिच्या अर्पणाचं काय झालं हे कळायला हवं. हफनीच्या पापात सगळ्यात मोठं काय म्हटलंय माहीत आहे? लोकांच्या मनातून अर्पणच उतरलं.

"अशा मंडळीत टिकवून उपयोग काय?" या तुझ्या प्रश्नाला आपल्याच परंपरेतून उत्तर देते. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. लगेच तिथल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडू लागले, कारण जे शास्त्रात दिसत नाही ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांना गर्विष्ठ म्हटलं गेलं. पण ख्रिस्त सोडला नाही. त्याच बाईनं पुढं दुष्काळात टाकलेल्या पोरी केडगावला मुक्ती मिशनमध्ये आणल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळानंच नेले होते. रमाबाईंनी श्रद्धा टिकवली ती अधिकाऱ्यांपुढं मान तुकवून नव्हे आणि पाठ फिरवूनही नव्हे. ज्यांना कोणी वाली नाही त्यांच्याजवळ जाऊन. नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं तू संडे स्कूलमध्ये शिकवतेस, त्यांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, कारण चालू चौकट त्यांना ख्रिस्तासाठी अपुरी वाटत होती. आणि आपल्या बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांत विधवांच्या हालांवर मराठीत लिहिते झाले. मंडळीवर नाराज असलेला ख्रिस्ती माणूस ही आपल्याकडं परकी गोष्ट नाही. आपल्यातले सगळ्यात चांगले लोक तसेच होते.

म्हणून मंडळीतच राहायचं की नाही, याचं एकच उत्तर मी देणार नाही. ती पोर आणि तिचं घर सुरक्षित होईपर्यंत, शक्य असेल तर, तू तिथं असावंस असं मला वाटतं, कारण तू नसलीस तर तिच्या बाजूनं कोण आहे? पण त्या माणसाच्या हातून प्रभुभोजन घ्यावं लागत असेल आणि तुझा हात पुढं होत नसेल, तर नको घेऊस. खानापूर किंवा बेळगावात दुसऱ्या मंडळीत जा, तिथं घे. ख्रिस्ताचं मेज एकाच गावात मांडलेलं नाही. आणि पुढं सगळं होऊनही मंडळीनं पाप पाठीशीच घातलं, तर उघडपणे, कारण लिहून देऊन बाहेर पड. त्यानं तुझी श्रद्धा कमी होत नाही.

आशेबद्दल लोक तुला सांगतील की सगळं ठीक होईल. मी तसं सांगत नाही. केस लांबू शकते, साक्षीदार फिरू शकतात, तुझ्या घराशी बोलणं बंद होऊ शकतं. पौल म्हणतो, दिसते ती आशा नव्हे. ज्या प्रभूला धर्माच्याच पुढाऱ्यांनी धर्माचं नाव घेऊन मारलं, त्याला देवानं उठवलं. आपली आशा त्या एका घटनेवर आहे, मंडळीच्या चांगुलपणावर ती कधीच नव्हती. म्हणून मंडळी पडली तरी आशा पडत नाही. आणि म्हणूनच मंडळीला खरं सांगायचं धाडस होतं, कारण तिच्याकडून काही मिळवायचं नसतं.

एकटी राहू नकोस. दोन विश्वासू माणसं धर, त्यांतली एक मंडळीबाहेरची असू दे. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरकडं जा, त्यात विश्वासाची कमतरता नाही. संडे स्कूल सध्या कोणाला बरोबर घेऊनच घे. यापुढं कोणत्याही मोठ्या माणसानं मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, हा नियम तुझ्या वर्गापासून सुरू कर आणि मंडळीच्या सभेत लिहून घे.

फोन झाला की मला कळव. त्या पोरीच्या आईबरोबर ठाण्यात जायला कन्नड बोलणारी बाई हवी असेल तर मी येते, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते.